दिव्याखालचा अंधार : काचेच्या छतदिव्याचा आणि सावलीच्या प्रश्नाचा इतिहास
(विशेष संदर्भ : बुलडाणा जिल्हा)

प्रस्तावना :

'दिव्याखाली अंधार' ही म्हण मराठीत नैतिक अर्थाने रूढ आहे. थोरामोठ्यांच्या घरातील उणीव दाखविण्यासाठी तिचा वापर होतो. परंतु ही म्हण मुळात दिव्याच्या रचनेविषयीचे एक अचूक निरीक्षण आहे. ज्योतीला इंधन लागते, इंधनाला भांडे लागते आणि भांड्याची सावली पडते. विजेचा दिवा येईपर्यंत या साखळीतून तेलाच्या कोणत्याही दिव्याची पूर्ण सुटका झाली नाही. वीज आल्यानंतर भांडे गेले, परंतु सावली गेली नाही. तिने केवळ स्वरूप बदलले.

प्रकाशसाधनांचा इतिहास लिहिताना सामान्यतः उजेड किती वाढला याची नोंद घेतली जाते. उजेड कोठे पडला नाही, याचा विचार क्वचितच होतो. वास्तविक वाचणाऱ्या, शिवणाऱ्या, निवडणाऱ्या वा शस्त्रक्रिया करणाऱ्या माणसासाठी दिव्याचे तेज जितके महत्त्वाचे, तितकेच स्वतःच्या हाताची सावली कामावर न पडणे महत्त्वाचे असते. प्रस्तुत लेखात छताला टांगलेल्या वा बसविलेल्या काचेच्या दिव्याचा इतिहास या दृष्टीने मांडला असून, त्यातील तांत्रिक उत्तरे बुलडाणा जिल्ह्यासारख्या ग्रामीण प्रदेशाला कितपत उपयोगी पडली, याची चर्चा केली आहे.

उद्दिष्टे :

१) सावली टाळण्यासाठी दिव्याच्या रचनेत झालेल्या बदलांचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) या बदलांत काचेने बजावलेली भूमिका स्पष्ट करणे.
३) दिव्याची रचना आणि घराची रचना यांतील परस्परसंबंध बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात तपासणे.

लामणदिवा ते काचेची हंडी :

मराठी घरातील पारंपरिक दिव्यांचे दोन वर्ग पडतात. पणती, समई, निरांजन हे खाली ठेवावयाचे दिवे. तर लामणदिवा हा साखळीने टांगावयाचा दिवा होय. लामणदिव्याचे तबक पितळेचे असल्यामुळे त्यातून प्रकाश पार होत नाही. वातीची ज्योत तबकाच्या कडेला असली तरी थेट खालची जागा अंधारी राहते. देवघरात वा गाभाऱ्यात यामुळे अडचण येत नसे, कारण तेथे मूर्तीचे मुख उजळणे हा हेतू असे. खालच्या जमिनीवर कोणी काम करीत नसे.

वाड्यांत आणि देवळांत पुढे आलेल्या काचेच्या हंड्यांनी हा प्रश्न निराळ्या प्रकारे सोडविला. काचेच्या पेल्यात तळाशी पाणी, त्यावर तेल आणि तेलावर तरंगणारी वात अशी या दिव्याची मांडणी असे. तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते वर राहते. पाणी आणि काच दोन्ही पारदर्शक असल्याने ज्योतीचा प्रकाश पाण्यातून खाली उतरतो. सावली पडते ती फक्त वात धरून ठेवणाऱ्या लहानशा तरंडाची. तेल संपले की वात पाण्याला टेकून विझते, त्यामुळे काच तडकण्याचा धोकाही कमी होतो. पेल्याभोवतीची मोठी हंडी वाऱ्यापासून ज्योतीचे रक्षण करते. वैभवाचे चिन्ह म्हणून ओळखली जाणारी ही हंडी वस्तुतः 'दिव्याखालचा अंधार' कमी करण्याची एक विचारपूर्वक केलेली योजना होती. मात्र अशा हंड्या मुख्यतः परदेशातून येत असल्याने त्या सरदार-सावकारांच्या दिवाणखान्यापुरत्या आणि देवस्थानांपुरत्या मर्यादित राहिल्या.

युरोपातील प्रयत्न :

याच प्रश्नाने युरोपातील दिवे बनविणाऱ्यांनाही छळले होते. जिनिव्हाचे आमी आर्गां यांनी १७८० च्या सुमारास पोकळ नळीसारखी वात आणि तिच्यावर काचेची चिमणी असलेला दिवा तयार केला. ज्योतीला आतून व बाहेरून हवा मिळाल्याने तिचे तेज कित्येक पटींनी वाढले. परंतु त्या काळातील वनस्पतिजन्य व प्राणिज तेले दाट असल्यामुळे ती वातीतून फार उंच चढत नसत. म्हणून तेलाची टाकी ज्योतीच्या बाजूला आणि काहीशी वर ठेवावी लागे. परिणामी टाकीच्या दिशेला खोलीचा एक भाग कायम सावलीत राही.

यावर १८०९ मध्ये बोर्दिए-मार्से या कारागिराने टाकी कड्याच्या आकाराची करून ती ज्योतीभोवती बसविली. टाकी एका बाजूला न राहता सर्व बाजूंना पातळ होऊन विभागली गेली. पुढे १८२० च्या सुमारास या कड्याला पाचरीसारखा छेद देऊन आणि वर घासलेल्या काचेची छत्री बसवून त्याची सावली आणखी पुसट करण्यात आली. या दिव्याला मिळालेले 'सिनम्ब्रा' हे नाव लॅटिन भाषेतील 'सावलीविना' या अर्थाच्या शब्दांवरून आले आहे. सावली टाळणे हेच एखाद्या दिव्याच्या नावाचे कारण ठरावे, यावरून या प्रश्नाचे तत्कालीन महत्त्व लक्षात येते.

रॉकेल आणि सावलीचे पुनरागमन :

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास खनिज तेलापासून रॉकेल मिळू लागले. रॉकेल पातळ असल्याने ते वातीतून सहज वर चढते. त्यामुळे टाकी पुन्हा ज्योतीच्या खाली ठेवता आली. दिवा सुटसुटीत आणि स्वस्त झाला, परंतु हंडीने आणि कड्याच्या टाकीने मोठ्या कष्टाने घालविलेली खालची सावली परत आली. तांत्रिक प्रगती ही नेहमी एकाच दिशेने होत नाही, याचे हे बोलके उदाहरण आहे.

वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहानुसार निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६० च्या दशकात भुसावळ-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगाव या मार्गाने पुढे सरकला आणि १८७० मध्ये जलंब-खामगाव हा फाटा सुरू झाला. कापूस बाहेर नेण्यासाठी टाकलेल्या या मार्गानेच बाहेरच्या वस्तू आत येऊ शकल्या. त्यांत रॉकेलचे डबे आणि कंदील यांचे स्थान महत्त्वाचे आहे. १८९२ मध्ये सुएझ कालव्यातून रॉकेल वाहून नेणारे पहिले टाकी-जहाज पूर्वेकडे आले आणि पुढे हे तेल खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचले. रिकामा झालेला चौकोनी पत्र्याचा डबा पाणी भरण्यापासून धान्य ठेवण्यापर्यंत सर्व कामांस आला. टिनपत्र्याची बिनकाचेची चिमणी गरिबाच्या घरी आणि काचेचा कंदील बऱ्या परिस्थितीच्या घरी, अशी प्रकाशाची नवी प्रतवारी रूढ झाली.

कंदिलाच्या सावलीचा साधा हिशेब येथे उद्‌बोधक ठरेल. टाकीचा व्यास १५ सेंमी आणि ज्योत टाकीच्या वरच्या कडेपासून १० सेंमी उंच धरली, तर जमिनीपासून दीड मीटर उंचीवर टांगलेल्या कंदिलाखाली सुमारे २.४ मीटर व्यासाचे वर्तुळ थेट प्रकाशापासून वंचित राहते. तोच कंदील जमिनीवर ठेवला आणि टाकीची उंची ६ सेंमी धरली, तर हे वर्तुळ सुमारे २४ सेंमी व्यासाचे उरते. कंदील आढ्याला न टांगता जमिनीवर वा पाटावर ठेवून त्याच्याभोवती मुलांनी अभ्यासाला बसण्याची जी रीत घरोघर होती, तिचे कारण केवळ सोय नव्हते. तिच्यामागे अनुभवाने कळलेली भूमिती होती. कंदिलाच्या दोन्ही बाजूंच्या हवेच्या नळ्यांच्या उभ्या सावल्या मात्र राहतच. त्या सावलीत कोणी बसायचे यावरून भावंडांत होणारे वाद आणि तिन्हीसांजेला राखेने काच पुसण्याचे काम कोणाचे, याविषयीची कुरकुर अनेक घरांच्या आठवणींचा भाग आहे.

स्वदेशी काच :

कंदील वापरणारा देश त्याची काचही बाहेरून आणतो, ही बाब स्वदेशीच्या चळवळीत प्रकर्षाने पुढे आली. अंताजी दामोदर काळे यांनी प्रत्येकाकडून एक पैसा गोळा करण्याच्या कल्पनेतून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला. लोकमान्य टिळकांचा या उपक्रमाला पाठिंबा होता. जपान व अमेरिकेत काचविद्येचे शिक्षण घेतलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांचे तांत्रिक साहाय्य या कारखान्याला लाभले. काच बनविण्याबरोबरच काच बनविणारी माणसे घडविणे, हेही या कारखान्याचे कार्य होते.

१९१६ मध्ये ओगले बंधूंनी औंध संस्थानच्या हद्दीत, कराड रेल्वे स्थानकाजवळ ओगले काच कारखाना उभारला. तेथे वसलेली ओगलेवाडी आज सातारा जिल्ह्यात आहे. या कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्रात घराघरांत पोहोचला. स्वदेशी काचनिर्मितीच्या दृष्टीने हे यश मोठे होते. तथापि हे यश दिव्याच्या मालकीविषयीचे होते, त्याच्या आकृतीविषयीचे नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. कंदील देशी झाला, परंतु त्याची टाकी खालीच राहिली.

विजेचा दिवा आणि दुधी काच :

विजेच्या दिव्याला टाकी नसते आणि तो उलटा टांगता येतो. त्यामुळे दिव्याखालचा अंधार ही शतकानुशतकांची अडचण एका फटक्यात नाहीशी झाली. परंतु त्याच वेळी दुसरी अडचण उभी राहिली. बारीक तारेतून येणारा प्रखर प्रकाश जवळजवळ एका बिंदूतून येत असल्याने तो डोळ्यांना खुपतो आणि प्रत्येक वस्तूची सावली धारदार कडांची पडते. त्यामुळे संशोधनाचे लक्ष इंधनाच्या भांड्याकडून प्रकाशाच्या आवरणाकडे, म्हणजेच काचेकडे वळले.

या दिशेने तीन मार्ग अवलंबिले गेले. पहिला मार्ग काचेवर लोलकासारख्या खाचा पाडून प्रकाश हव्या त्या दिशेने वळविण्याचा. फ्रान्समध्ये १८९० च्या दशकात आंद्रे ब्लाँडेल व स्पिरिडिऑन सारुदाकी यांनी तो विकसित केला. दुसरा मार्ग काच घासून वा आम्लाने खरवडून खरखरीत करण्याचा. तिसरा मार्ग दुधी काचेचा. काचेच्या रसात फ्लोराइडयुक्त खनिजे किंवा हाडांची राख मिसळल्यास थंड होताना तिच्यात अतिसूक्ष्म कण तयार होतात. या कणांवर आपटून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि संपूर्ण गोलच प्रकाशाचा स्रोत असल्यासारखा दिसतो. जाड दुधी काच बराच प्रकाश गिळते. म्हणून पारदर्शक काचेवर दुधी काचेचा पातळ थर चढविण्याची पद्धत रूढ झाली. डेन्मार्कचे पोल हेनिंगसन यांनी १९२० च्या दशकात एकाखाली एक अशा तीन छत्र्यांची रचना करून दिव्याचा उघडा भाग नजरेआड ठेवला आणि प्रकाश मात्र कामाच्या जागी पोहोचविला. त्यांच्या या दिव्यांच्या छत्र्या दुधी काचेच्याही बनविण्यात आल्या.

प्रत्यक्ष छतदिवा तयार करताना काही बारकावे निर्णायक ठरतात. बल्ब काचेला फार जवळ असेल तर तेथे प्रखर ठिपका दिसतो आणि गोलाचा उरलेला भाग निरुपयोगी होतो. काच धरणाऱ्या धातूच्या कड्याची आणि साखळ्यांची सावली भिंतीवर वा छतावर पडते, म्हणून ती कडी शक्य तितकी बारीक आणि बल्बच्या वरच्या बाजूस असावी लागते. कड्याचे स्क्रू घट्ट आवळल्यास उष्णतेने फुगणारी काच तडकते. वरून उघड्या वाडग्यासारख्या दिव्यात पावसाळ्यात किडे साचतात आणि तळाशी काळा डाग दिसू लागतो. याचा अनुभव वऱ्हाडातील प्रत्येक घराला आहे. बंद गोलात किडे कमी जातात, पण उष्णता कोंडते. निर्दोष दिवा असा नसतो. कोणता दोष पत्करावयाचा, याची निवड असते.

सावलीचे गणित आणि धाब्याचे छत :

सावलीचा गडद गाभा नाहीसा व्हावा यासाठी प्रकाशाचा स्रोत किती मोठा असावा, हे भूमितीने सांगता येते. लिहिणाऱ्याच्या हाताची रुंदी ८ सेंमी, हात कागदापासून १० सेंमी वर आणि दिवा हातापासून दीड मीटर उंच, असे उदाहरण घेऊ. दोन सेंमी रुंदीच्या उघड्या स्रोताने पडणाऱ्या सावलीची कडा जेमतेम एक ते दीड मिलिमीटर पुसट होते. सावली धारदार राहते. तीस सेंमी व्यासाचा दुधी गोल लावल्यास कडा २ सेंमीपर्यंत मऊ होते, तरीही सुमारे साडेसहा सेंमी रुंदीचा गडद गाभा उरतोच. म्हणजे डोळ्यांचा त्रास कमी होतो, परंतु हाताची सावली जात नाही. याउलट तीन मीटर रुंदीचे पांढरे छत त्याच उंचीवर उजळले, तर हाताचा गडद गाभा सुमारे ४ सेंमी अंतरावरच संपतो आणि कागदावर केवळ फिकट छटा उरते.

या हिशेबातून निघणारा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. सावली टाळणारा दिवा हा केवळ काचेचा नसतो. त्यात खोलीचे छतही सामील असते. कार्यालये, शाळा, ग्रंथालये यांसाठी प्रकाश वर फेकणारे जे काचेचे वाडगे तयार झाले, त्यांनी चुन्याने रंगविलेले, गुळगुळीत, उंच छत गृहीत धरलेले होते.

बुलडाणा जिल्ह्यातील पारंपरिक घर मात्र धाब्याचे होते. लाकडी सऱ्या, त्यांवर किलचा आणि वर मातीचा थर अशी या छताची रचना. चुलीच्या धुराने हे छत वर्षागणिक काळवंडत जाई. असे छत अंगावर पडलेला बहुतेक प्रकाश शोषून घेते. काचेचा वाडगा येथे टांगला असता तर त्याने वर पाठविलेला उजेड परत आलाच नसता. टिनाच्या वा कवेलूच्या छताचीही गत वेगळी नाही. त्यामुळे विजेची जोडणी आल्यानंतरही अशा घरांत आढ्यावरून लोंबणारा एक उघडा बल्ब हीच प्रकाशयोजना दीर्घकाळ राहिली. याला केवळ दारिद्र्य वा अज्ञान म्हणणे अपुरे आहे. उपलब्ध छताखाली मिळेल तितका प्रकाश थेट खाली घेणे, हा त्या परिस्थितीतील सयुक्तिक निर्णय होता. त्याची किंमत मात्र डोळ्यांनी मोजली. दिव्याकडे पाठ करून चुलीशी स्वयंपाक करणारी स्त्री स्वतःच्याच सावलीत काम करीत होती, ही गोष्ट विद्युतीकरणाच्या आकडेवारीत कोठेही दिसत नाही.

सावलीविरहित प्रकाशाची मर्यादा :

सावली घालविण्याचा सर्वांत काटेकोर प्रयत्न शस्त्रक्रियागृहात झाला. १९१९ मध्ये लुई व्हेरां यांनी एका दिव्याचा प्रकाश भोवतालच्या अनेक आरशांवर पाडून तो सर्व बाजूंनी एकाच जागी आणण्याची योजना केली. शल्यचिकित्सकाचे डोके एका बाजूचा प्रकाश अडविते, तेव्हा इतर बाजूंचा प्रकाश ती उणीव भरून काढतो. आजचे शस्त्रक्रियेचे दिवेही तत्त्वतः हेच करतात.

तथापि सावली सर्वत्र शत्रू नसते. लोणार येथील दैत्यसूदन मंदिराच्या मंडपातील छतावर पौराणिक प्रसंग कोरलेले आहेत. त्या अंधाऱ्या छतावर खालून तिरपा प्रकाश टाकला की आकृतींना उठाव येतो, कारण प्रत्येक कोरीव रेषेची सावली तिच्या शेजारी पडते. तेथे सर्व बाजूंनी सारखा प्रकाश पसरविल्यास शिल्पे सपाट भासतील. कापडाचा पोत तपासणारा आणि शिल्पाचा अभ्यासक यांना सावलीची गरज असते. वाचणारा, शिवणारा आणि शल्यचिकित्सक यांना ती नको असते. म्हणून 'सावली नको' हे प्रकाशयोजनेचे सार्वत्रिक तत्त्व होऊ शकत नाही. कोणत्या कामासाठी आणि कोणाच्या हातासाठी, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

समारोप :

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन अनुभवले आणि अडगळीत गेलेले कंदील पुन्हा पुसले गेले. त्यानंतर २०१५ पासून एलईडी दिवे मोठ्या प्रमाणावर वितरित झाले. एलईडीचा कण हा बिंदूइतकाच लहान आणि प्रखर असतो. त्यामुळे तारेच्या बल्बने उभा केलेला प्रश्न त्याने नव्याने उभा केला. आज दुधी काचेची जागा बहुधा दुधी प्लॅस्टिकने घेतली आहे, तत्त्व मात्र तेच आहे. धाब्याच्या जागी सिमेंटचे पांढरे छत आलेल्या घरांत प्रकाश वर फेकून सावली मऊ करणे आता शक्य झाले आहे. तरीही दिवा खोलीच्या मध्यभागी आणि काम करणारा भिंतीकडे तोंड करून, ही मांडणी अद्याप सर्रास आढळते. वर्गखोल्याही याला अपवाद नाहीत. फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकाची सावली त्याच्याच अक्षरांवर पडत असेल, तर दोष दिव्याच्या शक्तीचा नसून जागेचा असतो.

निष्कर्ष :

१) दिव्याखालील सावली हा इंधनाच्या भांड्याशी निगडित प्रश्न होता. पाणी-तेलाची काचेची हंडी आणि कड्याच्या टाकीचा दिवा ही त्याची दोन स्वतंत्र उत्तरे होती.
२) रॉकेलच्या दिव्याने प्रकाश स्वस्त केला, परंतु खालची सावली परत आणली. कंदील जमिनीवर ठेवण्याची रीत हे त्यावरील लोकानुभवाचे उत्तर होते.
३) तळेगाव व ओगलेवाडी येथील कारखान्यांनी काचेचे स्वदेशीकरण केले, कंदिलाच्या मूळ आकृतीत मात्र त्यामुळे बदल झाला नाही.
४) दुधी काचेचा गोल डोळ्यांचा त्रास कमी करतो, परंतु हाताची सावली घालविण्यासाठी उजळलेले छत आवश्यक असते. त्यामुळे प्रकाशाचा इतिहास हा घरबांधणीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.
५) विद्युतीकरणाचे मूल्यमापन जोडण्यांच्या संख्येवर न थांबता, काम करणाऱ्या हाताखाली उजेड पोहोचला की नाही, या कसोटीवर व्हावयास हवे. तोपर्यंत 'दिव्याखाली अंधार' ही म्हण केवळ म्हण राहणार नाही.